अनुदान कोळशाला की सिमेंटला?

कोळशावरच्या वीजकेंद्रांना सरकारने अनुदान द्यावे, धुरातला कार्बन डायऑक्साइड तिथेच पकडावा आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात कायमचा मुरवावा, या मताला सध्या जोर आहे. 2026-27 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या तंत्रज्ञानासाठी पाच वर्षांकरिता 20,000 कोटींची तरतूद आहे. लाभार्थ्यांत वीजनिर्मितीही आहे. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. पवईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि आइसलंडमध्ये बसाल्टात, म्हणजे अशाच काळ्या पाषाणात, सोडलेल्या वायूचा 95 टक्के भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला.

आता डहाणूचा हिशेब मांडू. मुंबईच्या उपनगरांना वीज देणारे हे 500 मेगावॅटचे केंद्र भरपूर चालले, तर वर्षाला साधारण 30 लाख टन वायू सोडते. आइसलंडच्या रीतीत टनामागे सुमारे 25 टन पाणी लागते. म्हणजे रोज 20 कोटी लिटर, विहार आणि तुळशी हे तलाव मिळून मुंबईला देतात त्याच्या जवळपास दुप्पट! समुद्राचे पाणी वापरावे म्हटले, तर एवढ्या प्रमाणावर तसे कुठेही झालेले नाही. शिवाय वायू वेगळा करण्यातच केंद्राची पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज जाते. ती भरून काढायला पुन्हा कोळसाच.

माझा मुख्य आक्षेप मात्र धोरणातल्या विसंगतीवर आहे. वायू शोषणारी अमाइन द्रावणे गंधकाच्या धुराने खराब होतात, म्हणून आधी गंधक काढावाच लागतो. गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्याच्या 2015 च्या नियमातून केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये बहुसंख्य वीजकेंद्रांना सूट दिली. आधीचे काम माफ आणि पुढच्या कामाला पैसे, हे कसले उत्तेजन? डहाणूत ही यंत्रणा 2007 साली आली, ती अनुदानाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 साली नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या पर्यावरण प्राधिकरणाने 1999 साली हुकूम दिला आणि तो लावून धरला.

अनुदान द्यायचेच तर चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांना द्यावे. तिथे वायू भाजलेल्या चुनखडीतूनच सुटतो. इंधन बदलून तो थांबत नाही. विजेला पर्याय आहे. मुंबईची अडचण बाहेरची वीज आत आणण्याची आहे, हे 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईभर गेलेल्या विजेने दाखवले. खारघर–विक्रोळी वाहिनी 2023 साली सुरू झाली, तशा आणखी वाहिन्या आणि भिवपुरीसारखे पाणी वर चढवून वीज साठवणारे प्रकल्प यांवर सरकारने पैसा लावावा.