वैद्यकीय संशोधनासाठी संख्याशास्त्राचा सल्लागार: कधी गाठावा, काय विचारावे?

थीसिस जमा करायला तीन आठवडे उरलेले असतात, एक्सेलची शीट भरून तयार असते आणि फोन येतो, "डॉक्टर, स्टॅटिस्टिक्स करून देणारं कोणी ओळखीचं आहे का?" एमडी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद अशा निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी मला दर वर्षी हा प्रश्न विचारतात. मी जनरल प्रॅक्टिस करणारा एमबीबीएस डॉक्टर आहे, संख्याशास्त्राचा तज्ज्ञ नाही. पण एका अनुभवी प्राध्यापकांकडे शिकायला बसल्यावर मला माझीच एक चूक कळली. ती तुमच्याकडून होऊ नये, यासाठी हा लेख.

माझी चूक काय होती?

काही वर्षांपूर्वी मी दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद ठेवू लागलो. एका तपासणीत ज्यांचा वरचा रक्तदाब १५० च्या पुढे आला, अशा ८४ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर रोज अर्धा तास चालायला आणि मीठ कमी करायला सांगितले. तीन महिन्यांनी ५८ जण पुन्हा आले. त्यांचा रक्तदाब सरासरी ११ ने उतरला होता. मी खूश होऊन वही घेऊन एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो.

त्यांनी तीनच प्रश्न विचारले. ज्यांना हा सल्ला दिला नाही, असे तुलनेसाठी कोण आहेत? जे २६ जण परत आले नाहीत, त्यांचे काय झाले? आणि रुग्ण निवडताना रक्तदाब एकदाच मोजला होता का?

तिसऱ्या प्रश्नाने मी गप्प झालो. रक्तदाब दिवसागणिक वरखाली होतो. एखाद्या दिवशी जास्त आला म्हणून आपण माणूस निवडला, तर पुढच्या वेळी तो काहीसा कमी येण्याचीच शक्यता असते, उपचार करा किंवा करू नका. याला संख्याशास्त्रात 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. माझ्या ११ अंकांत चालण्याचा वाटा किती आणि या परतण्याचा किती, हे माझ्या वहीवरून सांगता येणारच नव्हते. चालणे आणि कमी मीठ रक्तदाबाला फायद्याचे आहे, हे इतर चांगल्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. तो सल्ला तुम्ही जरूर पाळा. पण माझ्या नोंदींनी ते सिद्ध केले नव्हते. माझ्यावर विश्वास ठेवून ५८ माणसे काम बुडवून पुन्हा आली होती, आणि त्यांच्या त्या फेरीतून मी कोणालाही काही नवे सांगू शकत नव्हतो.

सल्लागाराकडे कधी जावे?

एकही रुग्ण घेण्याआधी, म्हणजे सिनॉप्सिस लिहीत असतानाच. १९३८ मध्ये कोलकात्यात भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने सांगितले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे बहुतेक वेळा शवविच्छेदनाला बोलावणे. प्रयोग कशाने मेला, एवढेच तो कदाचित सांगू शकेल. आपल्याकडे आजही बरेच जण शवविच्छेदनाच्या वेळीच जातात. चुकीचा टेस्ट वापरला असेल तर तो नंतर बदलता येतो. पण तुलनेचा गट घेतलाच नसेल किंवा महत्त्वाची नोंद केलीच नसेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर ती भरून काढू शकत नाही.

पहिल्या भेटीला काय न्यावे?

• तुमचा प्रश्न एका वाक्यात. 'मधुमेह आणि आहाराचा अभ्यास' हा विषय झाला. 'रात्रीचे जेवण आठच्या आत घेतल्यास टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांचे एचबीए१सी सहा महिन्यांत कमी होते का?' हा प्रश्न झाला.
• मुख्य मोजमाप कोणते, ते कोण, कशाने आणि किती वेळा मोजणार.
• याच विषयावरचे दोन-तीन प्रसिद्ध झालेले अभ्यास. सॅम्पल साइज काढायला त्यांतले आकडे लागतात.
• तुमच्या ओपीडीत असे रुग्ण महिन्याला साधारण किती येतात आणि तुमच्या हातात किती महिने आहेत.
• नोंदींचा कोरा फॉर्म. तो रुग्णांसमोर जाण्याआधी सल्लागाराच्या नजरेखालून जाऊ द्या.

सॅम्पल साइज कसा ठरतो?

'सगळे १०० घेतात म्हणून मी पण १००' हे उत्तर चालत नाही. समजा, एखाद्या वस्तीतल्या प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण शोधायचे आहे. आधीच्या अभ्यासांवरून ते २० टक्क्यांच्या आसपास असावे असा अंदाज आहे. आपले उत्तर ५ टक्क्यांपेक्षा जास्त इकडेतिकडे होऊ नये, अशी अपेक्षा आहे. ९५ टक्के कॉन्फिडन्सच्या नेहमीच्या सूत्राने २४६ माणसे लागतात. त्यातले १० टक्के नकार देतील किंवा गळतील असे धरले, तर २७४ जणांपर्यंत पोहोचायला हवे.

याच जागी ६० जणच तपासले आणि १२ जणांना रक्तदाब निघाला, तरी उत्तर २० टक्केच येते. पण त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण १२ ते ३२ टक्के इतका रुंद होतो. इतक्या ढोबळ उत्तरावर औषधसाठ्याचे नियोजन करणे आरोग्य केंद्राला अवघड जाईल. उलट, गरजेपेक्षा खूप जास्त माणसे घेतली, तर तेवढ्या जणांना विनाकारण सुया टोचल्या जातात आणि त्यांचा वेळ जातो. म्हणून सॅम्पल साइज हा गणिताइतकाच रुग्णांच्या हिताचाही प्रश्न आहे.

पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली की झाले का?

नाही. दोन गटांत खरे तर काहीच फरक नाही असे गृहीत धरले, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच पी-व्हॅल्यू सांगते. फरक रुग्णाच्या उपयोगाचा आहे का, हे ती सांगत नाही. हजारो रुग्ण घेतले, तर रक्तदाबातला १ अंकाचा फरकही 'सिग्निफिकंट' ठरू शकतो. म्हणून फरक किती आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काय, हे नेहमी लिहा.

दुसरा धोका शोधत बसण्याचा. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी तपासल्या आणि खरा फरक एकीतही नसला, तरी किमान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तीच एक उचलून शीर्षकात घालणे म्हणजे वाचकाची आणि रुग्णाची फसवणूक. मुख्य प्रश्न आधीच लिहून ठेवला, तर हा मोह टळतो. उपचारांच्या चाचण्यांसाठी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही नोंदवही २००७ पासून आहे. पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे नोंदणी करावी लागते.

शिकवणी घ्यावी की काम करून घ्यावे?

दोन्हींत मोठा फरक आहे. चांगला शिक्षक तुमचाच डेटा तुमच्यासमोर उघडतो, हा टेस्ट का आणि तो का नाही हे समजावतो आणि पुढची तालिका तुम्हालाच करायला लावतो. एकाच रुग्णाचे उपचारांपूर्वीचे आणि नंतरचे आकडे असतील तर पेअर्ड टी-टेस्ट, दोन वेगळ्या गटांचे असतील तर अनपेअर्ड, हे स्वतःच्या डेटावर एकदा कळले की विसरत नाही.

पैसे घेऊन आख्खा निकाल लिहून देणाऱ्यांपासून, आणि विशेषतः 'पी-व्हॅल्यू आणून देतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. कोणता निष्कर्ष हवा हे आधीच विचारणारा माणूस सल्लागार नव्हे. परीक्षेत तुम्हाला उत्तर देता येणार नाही, ही त्यातली लहान अडचण आहे. खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून उद्या कोणी डॉक्टर औषध लिहील, ही मोठी.

मदत कुठे मिळेल?

• तुमच्या कॉलेजचा पीएसएम विभाग. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांत तिथे संख्याशास्त्राचे अध्यापक असतात आणि त्यांची मदत विनाशुल्क मिळू शकते.
• जवळच्या विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग किंवा निवृत्त प्राध्यापक. त्यांनी आरोग्याच्या डेटावर काम केले आहे का, हे विचारा.
• चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतींचा ऑनलाइन अभ्यासक्रम. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना तो करावाच लागतो, पण इतरांनाही उपयोगी आहे.
• आर आणि एपी इन्फो ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. चोरीची प्रत वापरण्याची गरज नाही.

फी, भेटींची संख्या आणि कोणते काम कोणी करायचे, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. सल्लागाराला शीट पाठवताना रुग्णांची नावे, फोन नंबर आणि पत्ते काढून फक्त क्रमांक ठेवा. तुमच्या मार्गदर्शकांना आणि एथिक्स कमिटीला ही मदत माहीत असू द्या. थीसिसमध्ये त्यांचे आभार माना. अभ्यासाच्या आखणीत आणि लेखनात त्यांचा खरा वाटा असेल, तर शोधनिबंधात लेखक म्हणून नाव देण्याबद्दल आधीच बोला.

तुम्ही संशोधक नसून रुग्ण असाल तर?

तुम्हाला एखाद्या अभ्यासात भाग घेण्याबद्दल विचारले, तर तुम्हीही विचारा: या अभ्यासातून नेमके काय शोधायचे आहे? किती लोक घेणार आणि तो आकडा कसा ठरवला? एथिक्स कमिटीची परवानगी आहे का? मी मध्येच बाहेर पडलो तर माझ्या उपचारांवर परिणाम होईल का? या प्रश्नांची साध्या भाषेत उत्तरे मिळणे हा तुमचा हक्क आहे. विचारले म्हणून कोणी रागावत असेल, तर सही करण्याची घाई करू नका.

लक्षात ठेवा

• सल्लागाराला डेटा गोळा करण्याआधी भेटा.
• प्रश्न एक आणि स्पष्ट असू द्या. मुख्य मोजमाप आधीच ठरवा.
• अभ्यास सोडून गेलेल्यांचीही नोंद ठेवा आणि ती निकालात दाखवा.
• फरक निघाला नाही तरी तसे लिहा. तोही निष्कर्षच आहे.
• आपल्या तालिकेतला प्रत्येक आकडा कुठून आला, हे स्वतःला सांगता यायला हवे. येत नसेल, तर जमा करण्याआधी आणखी एकदा शिकायला बसा.