पेटीवरील बंदी आणि विजेची पेटी

नांदेडला गोदातीरीं सचखंड श्री हुजूर साहिबांत कीर्तन चालतें, तेव्हां रागी जथ्याच्या पुढ्यांत बाजाची पेटी असते. गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं येथें देह ठेवला. सध्यांची मुख्य वास्तु महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्यानें १८३२ ते १८३७ या काळांत उभी राहिली. म्हणजे ती पेटीहून वयानें वडीलच आहे. लातुराकडील खेड्यांत एकादशीच्या भजनालाही पेटी लागते, आणि टाळ-मृदंगांच्या जोडीला ती इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती परक्या मुलखांतून आली याची आठवण कोणास होत नाहीं.

१८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांडर दबें नांवाच्या कारागिरानें हार्मोनियमला आजचें नांव व रूप दिलें. तें वाद्य पायानें भाता मारून वाजवावयाचें, खुर्चीवर बसून. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या पेढीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादांत त्याचे पाय काढले, भाता मागें नेला, आणि बैठकीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या मापाची पेटी बनविली. एका हातानें भाता व दुसऱ्यानें स्वर अशी ही रचना. मराठी रंगभूमीनें तर पेटीस डोक्यावर घेतलें. १९११ च्या 'संगीत मानापमान' नाटकास चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः थोर पेटीवादक होते, हा कांहीं केवळ योगायोग नव्हे. त्या काळच्या नाट्यसंगीताची घडणच पेटीच्या पट्ट्यांवर झाली.

परंतु पंडितांचा तिच्यावर राग होता, आणि त्याचीं कारणें खोटीं नव्हतीं. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर ठोकून बसविलेले. त्यांत श्रुतींचें सूक्ष्म तारतम्य राहत नाहीं. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यांतून निघत नाहीं, आणि मींडीवांचून दरबारी किंवा मल्हार कसा गावयाचा? गंमत अशी कीं, हा हल्ला जोरानें चढविणारांत एक इंग्रज होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख असलेला जॉन फोल्ड्स यानें १९३८ सालीं नभोवाणीच्या नियतकालिकांत पेटीची कठोर झडती घेतली. पुढें मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीस मज्जाव झाला. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली, आणि तेव्हांही ती साफ उठली नाहीं. ठराविक दर्जाच्या कलावंतांच्या साथीपुरतीच सैल झाली.

एकतीस वर्षें म्हणजे एका कलावंताचें अर्धें आयुष्य. मराठवाड्याच्या भूमींतील नामवंत पेटीवादक अप्पा जळगांवकर १९२२ सालीं जालन्याकडील जळगांवीं जन्मले. बंदी आली तेव्हां ते अठराव्या वर्षांत होते, आणि ती सैल झाली तेव्हां पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मैफलींत मात्र पेटीचें कांहींच अडलें नाहीं. तेच गायक सायंकाळीं पेटीच्या साथीनें गात आणि दुसरे दिवशीं नभोवाणीवर तिच्यावांचून गात. शास्त्राचा निर्णय श्रोत्यांनीं मानला नाहीं. त्याची झळ लागली ती साथीदाराच्या बिदागीला. संगीताच्या शुद्धतेसाठीं झालेल्या या हुकमांत, ज्याचें पोट त्या पेटीवर चालतें त्याचा विचार कोणीं केलेला दिसत नाहीं.

पेटीचा हा तंटा चालू असतांनाच अमेरिकेंत तिची धाकटी बहीण जन्मास आली. रॉबर्ट मूग यानें १९६४ सालीं विजेच्या लहरींपासून स्वर निर्माण करणारें यंत्र लोकांपुढें मांडलें. त्यास सिंथेसायझर म्हणतात. १९६९ मध्यें असें एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत येऊन बसलें. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत तें रुळविण्याचें श्रेय केरसी लॉर्ड या पारशी वादकाकडे जातें.

इंग्लंडांत या यंत्राचें भाग्य निराळ्याच वर्गानें उघडलें. १९७६ च्या सुमारास तेथें 'पंक' नांवाचें दांडगें बंडखोर संगीत निघालें होतें. त्याची आग ओसरल्यावर जी पिढी आली, तिनें तोच खडबडीतपणा ठेवून त्यांत विषाद भरला. यास 'पोस्ट-पंक' म्हणतात. मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या चौघांच्या मेळ्याची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९७९ मध्यें निघाली, आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या तेवीस वर्षांच्या गायकानें आत्मघात केला. उरलेल्या तिघांनीं 'न्यू ऑर्डर' या नव्या नांवानें विजेच्या पेट्यांवर नाचाचें संगीत उभें केलें. मँचेस्टर हें कापसाच्या गिरण्यांचें शहर, आणि त्या सुमारास तेथील गिरण्या ओस पडल्या होत्या. निजामी राजवटींत उभारलेली व पुढें बंद पडलेली उस्मानशाही गिरणी ज्यांनीं पाहिली आहे, त्या नांदेडकरांस त्या सुरांतील उदासी परकी वाटूं नये. दुसरीकडे स्कॉटलंडांतील ग्रेंजमाउथ या कारखान्यांच्या गांवीं 'कॉक्टो ट्विन्स' हा मेळा निघाला. त्यांच्या गायिकेचे शब्द पुष्कळदां अर्थाच्या पलीकडचे असत. नादासाठींच ते उच्चारलेले. या स्वप्नाळू गानप्रकारास 'ड्रीम पॉप' हें नांव पडलें. शब्दांत अर्थ नाहीं म्हणून कोणी त्यास हंसेल. परंतु तराण्यांतील 'ना दिर दिर तोम' कोणत्या कोशांत सांपडतें?

ज्या १९८२ सालीं उस्मानाबादेंतून फुटून लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच सालीं मुंबईंत एक विलक्षण ध्वनिमुद्रिका तयार झाली. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजितसिंह यांनीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें समोर मांडलीं: एक स्वरांचें, एक खर्जाचें, एक ठेक्याचें. त्यांवर त्यांनीं तोडी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यांत वाजविले. त्यांतील खर्जाच्या यंत्रांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. जी मींड निघत नाहीं म्हणून पेटीस नभोवाणीच्या दाराबाहेर ठेवलें, तिच्याशीं नातें सांगणारी घसरण या विजेच्या पेटींत होती. तरीही ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाहीं. खर्जाचें तें यंत्रही बाजारांत पडून राहिलें, स्वस्त झालें आणि शिकागोच्या गरीब तरुणांच्या हातीं गेलें. १९८७ मध्यें त्यांनीं त्यांतून नवें नृत्यसंगीत काढलें. २०१० सालीं एका डच प्रकाशकानें चरणजितसिंहांची ध्वनिमुद्रिका पुन्हां छापली, तेव्हां रसिक आश्चर्यानें विचारूं लागले कीं, हा मुंबईचा वादक पांच वर्षें आधीं तेथें पोंचला कसा? २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. उशिरां कां होईना, कौतुक त्यांच्या कानीं पडलें होतें.

तंटा अद्याप मिटलेला नाहीं. २०२२ मध्यें अकाल तख्तानें अमृतसरच्या सुवर्णमंदिरांतील कीर्तनांतून पेटी टप्प्याटप्प्यानें काढून रबाब, ताऊस, सरिंदा हीं तंतुवाद्यें परत आणण्याचा आदेश दिला. गुरूंच्या काळचीं वाद्यें पुन्हां ऐकूं यावींत ही इच्छा कोणासही पटेल. मात्र पेटीवरच हात बसलेल्या रागीनें उतारवयांत सरिंदा कसा शिकावा, हा जुना प्रश्न तेथेंही उभा राहतोच.

आणि विजेची पेटी? ती नांदेड-लातुरास ध्वनिमुद्रिकांच्या वाटेनें आली नाहीं, लग्नाच्या वरातीबरोबर आली. बँडच्या गाडीवर कर्ण्यांच्या भिंतीखालीं ती दिसते; कोणत्याही कंपनीची असो, लोक तिला 'कॅसिओ'च म्हणतात. एक बटण दाबलें कीं तिच्यांतून सनई वाजूं लागते, आणि मुहूर्तापूर्वीं दारांत बसणारा सनईवाला त्या घरीं बोलावला जात नाहीं.