३१ जुलै १९५० : भारत-नेपाळ मैत्री करार

नेपाळचे पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादूर राणा आणि भारताचे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी या दिवशी काठमांडूत या करारावर सह्या केल्या. सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, व्यापाराची, ये-जा करण्याची मुभा दिली. व्हिसाची गरजच नाही. भारतीयांना विमानाने जाताना तेवढे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. सीमेवरच्या सुनौलीच्या कमानीखालून आजही माणसे हातात पिशवी घेऊन चालत पलीकडे जातात. सीमेवरच्या गावांत रोटी-बेटी व्यवहार आहेत. लेकीचे सासर परदेशात, पण हाकेच्या अंतरावर! करारातील काही कलमांवर नेपाळमध्ये नाराजी आहे, ती ऐकून घ्यायलाच हवी. ही मोकळी वाट मात्र दोघांनीही जिवापाड जपावी. पशुपतिनाथाला निघणारे आपले यात्रेकरूही तिच्यावरूनच जातात.