पैलिनच्या खड्ड्यांपासून

साल १९६१. कंबोडियाच्या पश्चिमेला, थायलंडच्या सीमेलगतच्या पैलिन गावाबाहेर तुम्ही लाल मातीत खड्डा खणताय. माणिक आणि नीलम सापडतील या आशेने इथे लांबलांबून, पार ब्रह्मदेशातूनही माणसं आली आहेत. एका खड्ड्यात काही लागलं नाही की तो तसाच सोडायचा आणि पुढचा खणायचा. सोडलेल्या खड्ड्यात पाणी साचतं, वर जंगलाची दाट सावली असते, आणि डासांची पैदास तिथेच होते. रात्री तुम्ही उघड्यावर झोपता. दहा-बारा दिवसांनी हुडहुडी भरते. दोन कांबळी पांघरली तरी दातांवर दात आपटायचे थांबत नाहीत. मग अंग भट्टीसारखं तापतं आणि घामाने चिंब झाल्यावरच सुटका होते.

भाताबरोबर मीठ वाढलं जातं. या मिठात क्लोरोक्विन हे हिवतापाचं औषध मिसळलेलं आहे. घरोघर गोळ्या वाटणं अवघड, पण मीठ सगळेच खातात, म्हणून ही योजना. आखणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण मीठ कुणी चिमूटभर खातं, कुणी जास्त. क्लोरोक्विन अनेकांच्या रक्तात उतरतं ते अपुरंच, आणि दिवसामागून दिवस.

आता जरा आत, तुमच्याच रक्तपेशीत डोकावून बघा. हिवतापाचा परजीवी तिथे हिमोग्लोबिन खातोय. खाताना उरणारं हीम त्याच्यासाठी विष असतं. त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून तो जगतो. क्लोरोक्विन नेमकं हे स्फटिक होऊ देत नाही. पण एखाद्या परजीवीच्या एका प्रथिनात बदल झालेला असतो आणि आत शिरलेलं औषध तो बाहेर ढकलतो. पुरेसं औषध असतं तर कदाचित तोही मेला असता. अपुऱ्या औषधात बाकीचे मरतात आणि रान त्याला मोकळं मिळतं. पैलिनमध्ये क्लोरोक्विन निकामी होण्यामागे या मिठाचा हात होता, असं अनेक संशोधक मानतात. हाती पैसे आले की मजूर आपापल्या गावी परततात, आणि त्यांच्या रक्तातून तो परजीवीही निघतो. १९७३ मध्ये तो आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये आढळतो. १९७० चं दशक संपता संपता पूर्व आफ्रिकेत दिसू लागतो, आणि पुढची वीसेक वर्षं तिथे लेकरांचे जीव जात राहतात, कारण गावात मिळणारी स्वस्त गोळी आता चालत नाही.

ऑक्टोबर १९७१, बीजिंग. व्हिएतनामच्या जंगलात गोळ्यांपेक्षा हिवतापाने जास्त सैनिक आडवे होतायत, म्हणून चीनने नवं औषध शोधायची गुप्त मोहीम हाती घेतली आहे. तुम्ही उभे आहात त्या प्रयोगशाळेत धड खेळती हवा नाही. घरगुती पाण्याच्या रांजणांत वनस्पती द्रावकात भिजत घातल्या आहेत आणि वासाने डोकं भणभणतंय. तू योयो नावाच्या चाळिशीच्या संशोधिकेने चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याचा पाठ पुन्हा वाचलाय: मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून पिळा आणि रस प्या. उकळा असं त्यात कुठेच नाही. म्हणजे उष्णतेने गुण जात असेल का? म्हणून ही संशोधिका कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढते. क्रमांक १९१ चा नमुना उंदरांमधले सगळे परजीवी मारतो. माणसांना देण्याआधी तो अर्क त्या स्वतः घेऊन बघतात. याच अर्कातून पुढे आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आणि आता पुन्हा पैलिन, २००८. मधल्या काळात ख्मेर रूजची राजवट आणि युद्ध होऊन गेलं. बाजारात आर्टेमिसिनिनपासून बनवलेल्या आर्टेसुनेटच्या सुट्या गोळ्या मिळतात, कित्येक बनावट, नावापुरतंच औषध असलेल्या. ताप उतरला की लोक उरलेल्या गोळ्या ठेवून देतात.

दवाखान्यात तुमच्या बोटाला सुई टोचतात. थेंब काचपट्टीवर पसरतो, गिम्साच्या निळ्या-जांभळ्या रंगात बुडतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जातो. पेशींमध्ये परजीवींच्या बारीक अंगठ्या दिसतात. औषध सुरू झाल्यावर काही तासांनी पुन्हा थेंब, पुन्हा अंगठ्या. थायलंडच्या वायव्येला, वांग फा इथे साधारण ४८ तासांत रक्त स्वच्छ होतंय. इथे ८४ तास लागतायत. औषध चालतंय, पण रेंगाळत. तपासणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो याच आकड्याने, कारण पन्नासेक वर्षांपूर्वी इथून काय बाहेर पडलं होतं ते त्यांना ठाऊक आहे. पुढे केल्च-१३ या जनुकातले बदल या सुस्तीला जबाबदार असल्याचं सिद्ध झालं, आणि तसेच बदल रवांडा आणि युगांडातही सापडले. तिथे ते पैलिनहून गेलेले नाहीत. तिथल्या परजीवींमध्ये स्वतंत्रपणे उद्भवले आहेत. म्हणजे एकट्या पैलिनला बोट दाखवून भागणार नाही.

आजही फाल्सिपॅरम या घातक प्रकारच्या हिवतापाला आर्टेमिसिनिन एकटं द्यायचं नसतं. दुसरं औषध जोडूनच द्यायचं असतं, म्हणजे एकाला चुकवलेला परजीवी दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. गडचिरोलीच्या पाड्यावर आशाताईंच्या पिशवीत वयानुसार रंग ठरवलेली जी पाकिटं असतात, त्यांत आर्टेसुनेटबरोबर दुसरी गोळी त्यासाठीच असते. ईशान्य भारतात ही जोडगोळीही कमी पडू लागली आणि २०१३ मध्ये तिथे ती बदलावी लागली.

पाकीट तीन दिवसांचं आहे. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, भूक लागते, शेतावर जावंसं वाटतं, आणि गोळी घ्यायची राहून जाते. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाला हिवताप झाला, तर त्या तिसऱ्या दिवशी आठवण करून द्या. कुणाच्या उरलेल्या गोळ्या तापावर घेऊ नका. आधी रक्त तपासा, आणि मग पाकीट रिकामं होईपर्यंत औषध घ्या.