शपथ, चाबूक आणि हकालपट्टी : रथशर्यतीतील नियमभंगाचा न्याय

'इलिअड'च्या तेविसाव्या सर्गात पात्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस खेळांचे आयोजन करतो, आणि त्यात पहिला मान रथशर्यतीला देतो. सारथी चिठ्ठ्या टाकून आपापल्या जागा घेतात. दूरच्या सपाटीवर वळणाची खूण म्हणून उभ्या असलेल्या खुंटापाशी अकिलीस आपल्या वृद्ध पालकाला, फॉइनिक्सला, पाठवतो. शर्यत नीट पाहावी आणि जे घडले ते खरे सांगावे, एवढेच त्याचे काम. पाश्चात्त्य साहित्यात नेमून दिलेला पंच दिसतो तो बहुधा येथेच प्रथम. पुढे मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. शर्यतीत नियमभंग होतो, त्यावरून वाद पेटतो, निवाडाही होतो. पण या सगळ्यात फॉइनिक्सला कोणीही साक्षीला बोलावत नाही. ज्याला पाहण्यासाठी नेमले, त्याने पाहिलेले कवीने कोठेच उपयोगात आणलेले नाही.

भाष्यकारांनी याला कवीची विस्मृती म्हटले तर ते समजण्यासारखे आहे. आमच्या मते येथे विस्मृतीपेक्षा अधिक काही आहे. सारथ्याच्या अपराधात डोळ्यांना दिसणारा भाग थोडा असतो. रथ किती जवळ आला हे दिसते. तो जाणूनबुजून आणला की घोडे आवरले नाहीत म्हणून आला, हे दिसत नाही. लगाम धरणाऱ्या हाताच्या मागे असलेला हेतू वाचायचा कोणी आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न होमरपासून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन दुडक्या शर्यतींपर्यंत सुटलेला नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेली उत्तरे ताडून पाहावयाची आहेत.

प्रथम अँटिलोकसचे प्रकरण तपशिलाने पाहू. त्याचे घोडे इतरांच्या मानाने मंद आहेत. शर्यतीपूर्वी त्याचा पिता नेस्टर त्याला दीर्घ उपदेश करतो. त्याचा गाभा असा की लाकूडतोड्या बळाने नव्हे तर युक्तीने श्रेष्ठ ठरतो, आणि सारथीही सारथ्यावर युक्तीनेच मात करतो. उपदेशाचा सगळा भर वळणावरच्या कौशल्यावर आहे : डावा घोडा खुंटाला घासून न्यावा, उजव्याला सैल सोडावे. अँटिलोकस युक्ती करतो, पण वळणावर नव्हे. परतीच्या वाटेवर पावसाळी पाण्याने रस्ता खचून अरुंद झालेला आहे, तेथे तो मेनेलाउसच्या रथाला भिडतो. दोघांना एकाच वेळी जाता येणार नाही हे मेनेलाउस ओरडून सांगतो. अँटिलोकस ऐकले न ऐकलेसे करून अधिकच जोराने हाकतो. टक्कर होऊन दोघेही धुळीला मिळतील या भीतीने मेनेलाउस आपले घोडे आवरतो. शपथ घेतल्यावाचून तुला हे बक्षीस मिळणार नाही, हा इशारा तो त्याच क्षणी देऊन ठेवतो.

फॉइनिक्स उभा आहे वळणावर आणि अपराध घडतो तेथून दूर, परतीच्या वाटेवर. शर्यतीच्या इतिहासात पुढेही पंचांचे मनोरे नेहमी अंतिम रेषेपाशीच उभारले गेले आणि सारथ्यांनी आपले काम दूरच्या कडेवर उरकले, हे येथे जाता जाता नोंदवावयास हरकत नाही.

अंतिम क्रम लागतो तो डायोमीडीस, अँटिलोकस, मेनेलाउस, मेरिओनीस आणि सर्वांत शेवटी युमेलस असा. युमेलसचे जू अथीनाने मोडले आहे. त्याआधी अपोलोने डायोमीडीसच्या हातातला चाबूक उडवला होता. देवतांच्या या दांडगाईबद्दल कोणी तक्रार करीत नाही. सर्वोत्तम सारथी शेवटी आला म्हणून हळहळून अकिलीस दुसरे बक्षीस, म्हणजे गाभण घोडी, त्याला देऊ पाहतो. अँटिलोकस हरकत घेतो, तेव्हा अकिलीस हसून युमेलसला वेगळे बक्षीस देतो. आपल्या हक्कासाठी भांडणाऱ्या या तरुणाने तो हक्क कसा मिळवला, हा प्रश्न नेमका यानंतर उभा राहतो.

मेनेलाउस उठतो. भालदार त्याच्या हाती राजदंड देतो. आधी तो ग्रीक नायकांना आवाहन करतो की त्यांनी दोघांमध्ये पक्षपात न करता न्याय करावा. लगेच मात्र तो विचार बदलतो आणि निवाडा मीच करतो असे म्हणतो. निवाडा म्हणजे शपथेचा विधी. अँटिलोकसने रथापुढे उभे राहावे, ज्या चाबकाने घोडे हाकले तो हाती धरावा, घोड्यांना स्पर्श करावा आणि आपण मेनेलाउसच्या रथाला हेतुपुरस्सर, कपटाने अडवले नाही अशी पोसायडनची शपथ घ्यावी. या विधीतला प्रत्येक तपशील हेतूकडे बोट दाखवतो. चाबूक हे कृतीचे साधन आहे. घोडे हे असे साक्षीदार आहेत की ज्यांना बोलता येत नाही. पोसायडन तर अश्वांचा देव. शिवाय नेस्टरचा पिता नेलेउस हा पोसायडनचाच पुत्र, म्हणजे अँटिलोकसला आपल्या पणजोबांचीच शपथ घ्यावयाची आहे. त्याला अश्वविद्या शिकवणाऱ्यांतही झ्यूसबरोबर पोसायडनचे नाव नेस्टरने घेतलेले आहे. खोटी शपथ येथे देवद्रोह, कुलद्रोह आणि गुरुद्रोह एकदमच ठरली असती.

अँटिलोकस शपथ घेत नाही. अपराध कबूलही करीत नाही. मी तरुण आहे, तरुणांची बुद्धी उतावळी असते, घोडी मी स्वतःच देतो, असे तो म्हणतो. मेनेलाउसचे मन विरघळते आणि तो ती घोडी अँटिलोकसच्या सोबत्याच्या, नोएमोनच्या, हाती देऊन टाकतो. देताना मात्र ती माझीच आहे असे बजावायला तो विसरत नाही. दंड ठरला, भरला गेला आणि परतही आला. मागे उरले ते फक्त हक्काविषयीचे एक वाक्य.

याच्या शेजारी ऐतरेय ब्राह्मणातील आश्विनशस्त्राची कथा ठेवून पाहावी. सहस्र ऋचांचे शस्त्र कोणाचे, हे ठरवण्यासाठी देव शर्यत लावतात. अग्नी पुढे निघतो. मागून आलेले अश्विनीकुमार त्याला वाट सोडायला सांगतात. तो वाट सोडतो, पण त्या शस्त्रात आपलाही वाटा असावा या अटीवर. उषेशी आणि इंद्राशी असाच व्यवहार होतो. शेवटी अश्विनीकुमार जिंकतात, आणि त्या शस्त्रात अग्नी, उषा व इंद्र यांच्याही ऋचा का म्हटल्या जातात याचा उलगडा होतो. होमरच्या अरुंद वाटेवर जे बळजोरीने घडले ते येथे वाटाघाटीने घडते. आधुनिक शर्यत-मंडळाच्या दृष्टीने मात्र अपराध अधिक गंभीर कोणता, असे विचारले तर उत्तर चमत्कारिक येईल. अँटिलोकसला धोकादायक हाकण्याबद्दल काही दिवसांची बंदी झाली असती. अग्नी, उषा आणि इंद्र हे मात्र संगनमताने निकाल ठरवल्याबद्दल कायमचे बाद झाले असते. वाजपेय यज्ञात तर सतरा रथ धावतात आणि विजयी होणार तो यजमान हे आधीच ठरलेले असते. तेथे नियम मोडणे म्हणजे यजमानाच्या पुढे जाणे. विधी आणि स्पर्धा यांच्यातील सीमा कोठे पडते, हे नियमभंगाच्या व्याख्येवरून जितके स्पष्ट होते तितके बक्षिसांवरून होत नाही.

ऐतरेयातील कथेत शिक्षा नाही असे मात्र नाही. ती जनावरांच्या वाट्याला येते. अग्नीच्या रथाला जुंपलेल्या खेचरींची योनी दग्ध झाली म्हणून त्या वांझ राहिल्या, अश्विनीकुमारांच्या गाढवांचा वेग ओसरला. सारथी सुटला आणि त्याच्या अतिरेकाची किंमत जुंपलेल्याने मोजली.

ऐतिहासिक ऑलिंपियात शपथेची जागा बदलली. तेथे स्पर्धक, त्यांचे आप्त आणि शिक्षक स्पर्धेच्या आधीच झ्यूसपुढे शपथ घेत. मागाहून हेतू तपासण्यापेक्षा तो आधीच बांधून टाकावा, अशी ही योजना. तीही मोडली तर चाबूक होताच. इ.स.पूर्व 420 मधील लिखासची हकीकत थ्युसिडिडीसने दिली आहे. त्या वर्षी स्पार्टाच्या लोकांना ऑलिंपियात बंदी होती. स्पार्टाच्या लिखासने आपला रथ बिओशियाच्या जनतेच्या नावाने उतरवला आणि तो जिंकला. घोषणाही बिओशियाच्या नावाने झाली. लिखासला ते सोसवले नाही. रथ आपला आहे हे दाखवण्यासाठी तो मैदानात गेला आणि त्याने आपल्या सारथ्याच्या डोक्याला विजयाची पट्टी बांधली. दंडधारी सेवकांनी त्याला तेथेच फटके मारले. फटके सारथ्याला नाहीत, मालकाला बसले, ही यातील लक्षणीय गोष्ट. ग्रीक रथशर्यतीत विजय मालकाचा मानला जाई. सारथी हा त्याच्या वतीने जीव धोक्यात घालणारा माणूस, बहुधा अनामिक. म्हणून अपराधही मालकाचाच. वृद्ध लिखासच्या पाठीवरचे ते वळ स्पार्टा विसरला नाही. पुढे एलिसशी झालेल्या युद्धाच्या कारणांत झेनोफनने या प्रसंगाची गणना केली आहे.

रोममध्ये चित्र उलटे झाले. तेथे सारथी नामांकित, आणि म्हणूनच संशयित. प्रतिस्पर्ध्याचे घोडे अडखळावेत म्हणून शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले शाप उत्तर आफ्रिकेपासून सिरियापर्यंत सापडले आहेत. मैदानावरची आडवी हाकणी प्रेक्षकांना प्रियच होती. राज्याला भीती होती ती अदृश्य अडथळ्याची. चौथ्या शतकाच्या सातव्या दशकात हिलारिनुस नावाच्या सारथ्याने आपला कोवळ्या वयाचा मुलगा मांत्रिकाकडे विद्या शिकायला ठेवला, या आरोपावरून रोमच्या नगरप्रमुखाने त्याला देहदंड दिला. पळून ख्रिस्ती प्रार्थनास्थळात लपलेल्या हिलारिनुसला ओढून काढून त्याचा शिरच्छेद केला गेला, असे आम्मिआनुस मार्केल्लिनुस नोंदवतो. हेतू वाचण्याची राज्याची हाव येथे अगदी टोकाला गेलेली दिसते.

यानंतर आपण मोठी झेप घेऊन एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत येतो. येथील शर्यत रथाची नव्हे, पण जुंपलेल्या घोड्याचीच आहे. हलक्या दुचाकी गाडीला एकच घोडा, आणि त्याने चौखूर न उधळता ठरलेल्या चालीनेच धावायचे. घोड्याची चाल मोडणे हा स्वतःच अपराध नाही. ती मोडल्यावर सारथ्याने लगाम खेचून घोड्याला पुन्हा चालीवर आणण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा आणि उधळण्यातून अंतर मिळवू नये, एवढे कर्तव्य नियम सांगतो. म्हणजे येथेही न्याय प्रयत्नाचा, अर्थात हेतूचाच.

त्या काळी एकाच दिवशी अनेक फेऱ्या होत. पाचांपैकी तीन फेऱ्या जिंकणारा विजयी. या पद्धतीने एका नव्या अपराधाला जन्म दिला : पहिली फेरी मुद्दाम सोडायची, घोड्यावरचा भाव वाढू द्यायचा, मग पैज लावून पुढच्या फेऱ्या मारायच्या. अशा फसवणुकींना आळा घालण्यासाठी 1870 मध्ये निरनिराळ्या मैदानांच्या चालकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिचे खरे शस्त्र होते परस्परमान्यता. एका मैदानाने हाकललेला सारथी सर्व सदस्य-मैदानांवर हाकललेला. शपथ नाही, फटके नाहीत. नाव एका यादीत जाते आणि पोट भरण्याचे साधन देशभर बंद होते. नियमांनी पंचांना आणखी एक अधिकार दिला. सारथी घोडा ओढून धरतो आहे असा संशय आल्यास दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत त्याला उतरवून दुसरा सारथी बसवायचा. आमच्या दृष्टीने ही तरतूद फार बुद्धिमान आहे. हेतू सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता पंच घोड्यालाच विचारतात : हात बदलले की तू वेगाने धावतोस काय? मेनेलाउसने अँटिलोकसला घोड्यांना स्पर्श करायला सांगितला, तेव्हा त्या मुक्या साक्षीला जी वाचा मिळू शकली नव्हती ती येथे मिळते.

घोडा साक्षीदार न राहता बळी ठरतो तेव्हा नियमभंगाची व्याख्या पुन्हा बदलते. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली. 2017 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने शर्यतींना अटींसह मुभा दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या साऱ्या वादात प्रतिस्पर्ध्याची वाट अडवण्याचा उल्लेख शोधूनही सापडणार नाही. अपराध आहे तो जुंपलेल्या जनावराशी केलेला. ऐतरेयातील खेचरींचा दावा जणू तीन हजार वर्षांच्या आसपासच्या विलंबाने दाखल झाला.

ल्यू वॉलेस यांची 'बेन-हर' ही कादंबरी 1880 ची, म्हणजे वरील संघटनेनंतर दहाच वर्षांची. चित्रपट पाहिलेल्यांना मेसालाच्या चाकाला लावलेली पाती आठवतात. कादंबरीत मात्र नायकच आपल्या आसाच्या लोखंडी टोकाने प्रतिस्पर्ध्याचे चाक मोडतो, आणि तेही जाणून. पराभूत पक्षाची तक्रार टिकत नाही, कारण मेसालाने आधी नायकाच्या घोड्यांवर चाबूक ओढलेला असतो. हा अँटिलोकसच आहे, फक्त त्याच्यासमोर मेनेलाउस उभा नाही. चित्रपटांनी अपराध खलनायकाकडे सरकवून वाचकाची अडचण दूर केली आणि कथेतला पेचही घालवला.

शेरवूड अँडरसन यांच्या 'आय ॲम अ फूल' (1922) या कथेत अडचण अशी दूर होत नाही. कथेचा निवेदक एकोणीस वर्षांचा, शर्यतीच्या घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार. कोणता घोडा पहिल्या फेरीत बैलासारखा चालेल आणि दुसरीत जिंकेल हे त्याला आतून ठाऊक आहे. सँडस्की येथील ग्रँडस्टँडवर भेटलेल्या मंडळींना तो ही बातमी सांगून पैज जिंकून देतो. सारथ्याने पहिली फेरी सोडली याबद्दल त्याला अवाक्षर बोलावेसे वाटत नाही. तबेल्याच्या जगात ती रीतच आहे आणि पंचांच्या नजरेला ती पडतही नाही. त्याला छळते ते दुसरेच : त्या मंडळींतल्या ल्यूसीवर छाप पाडण्यासाठी त्याने आपण घोड्याच्या मालकाचे पुत्र आहोत असे सांगितले, नावही खोटे दिले. ती पत्र पाठवीन म्हणते. ज्या नावाने ती पाठवणार त्या नावाचा माणूसच नाही. गाडी सुटते, आणि तो स्वतःला बोल लावत फलाटावर उरतो. त्या दिवशीच्या दोन लबाड्यांपैकी घोड्याची लबाडी पैसे देऊन मोकळी झाली. दुसरीसाठी कोणी त्याच्यापुढे चाबूक आणि घोडे आणून शपथ मागितली असती, तर अँटिलोकसप्रमाणे त्यालाही घोडी परत करून मोकळे होता आले असते.