बदनाम वस्त्यांची राखण

डोंगरी, नागपाडा, कामाठीपुरा, घोडपदेव, धारावी ही मुंबईतील वस्त्यांची नावे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत केवळ पत्त्यांची नावे राहिलेली नाहीत. ती उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात तेथील माणसांविषयीचा एक निवाडा तयार होतो आणि तो बहुधा त्या वस्तीत कधीही न राहिलेल्यांनी दिलेला असतो. अशा वस्त्यांच्या सुरक्षिततेची तुलना करताना दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. वस्तीच्या नावावर किती गुन्हे नोंदले गेले, हा पहिला प्रश्न. आणि तेथे राहणारी बाई रात्री पाणी भरायला किंवा पाळीहून परतणारा कामगार आपल्या खोलीकडे किती निर्धास्तपणे जाऊ शकत होता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पोलिसांच्या दप्तरात सापडते, परंतु पोलिसांची नजर कोठे होती हेच ते दप्तर मुख्यतः सांगते. दुसऱ्याचे उत्तर शोधायचे तर प्रत्येक वस्तीची राखण कोण करीत होते आणि त्या राखणीची किंमत कोण मोजत होते, याचा इतिहास पाहावा लागतो.

कोकणातल्या गावाला सीमेवरचा राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. मुंबईला आलेल्या कोकणी माणसाला असा राखणदार सरकारकडून मिळण्याची शक्यता फारच थोडी होती. १८६४ मध्ये फ्रँक साउटर यांच्या नेमणुकीने शहराला पोलीस आयुक्त मिळाला आणि १९०२ च्या शहर पोलीस कायद्याने या दलाला नवी कायदेशीर चौकट दिली. तरी त्या काळच्या पोलीस व्यवस्थेचे लक्ष प्रामुख्याने कोट भागातील पेढ्या, गोदी, बाजारपेठा आणि मोठ्या मिरवणुका यांच्यावर असे. श्रमिकांच्या वस्त्यांत माणसे तर दाटीवाटीने राहत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेच्याही खाली होती, म्हणजे घरदार गावी ठेवून आलेल्या पुरुषांचे हे शहर होते, आणि रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक एकखोली बिऱ्हाडांत राहत होते. खोलीत न मावणारे आयुष्य गॅलरीत, जिन्यावर आणि रस्त्यावर सांडत असे. साहेबी नजरेला ही रस्त्यावरची गर्दी धोक्याची वाटे, पण रहिवाशाला तीच आधाराची वाटे, कारण अनोळखी माणूस गल्लीत शिरला की शंभर डोळे त्याच्यावर खिळत. शिवाय पोलीस शिपायांपैकी पुष्कळजण स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातले होते. गिरणीतला सांचेवाला आणि चौकीवरचा हवालदार एकाच तालुक्याचे, कधी एकाच भावकीचे असत, आणि या नात्याने कायद्याची धार वाकडीही होई व बोथटही.

मराठी वाचकाला डोंगरी हे नाव प्रथम भेटते ते बहुधा तुरुंगामुळे. १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक यांनी तेथे १०१ दिवस काढले होते. त्या तुरुंगाभोवतीचा परिसर मात्र व्यापारी आणि कारागिरांच्या मोहल्ल्यांचा होता. मोहल्ला म्हणजे जात, जमात किंवा धंदा यांच्या धाग्याने बांधलेली गल्ल्यांची वस्ती. मोहरममध्ये प्रत्येक मोहल्ला आपला ताबूत काढी आणि त्याच्याबरोबर तरुणांची टोळी चाले. या ‘टोळी’ शब्दाला त्या वेळी आजचा गुन्हेगारी अर्थ चिकटलेला नव्हता. मिरवणुकीत नाचणारा, गाणारा, लाठी फिरवणारा जथा एवढाच त्याचा अर्थ होता. तरीही टोळ्यांत चढाओढ असे, मिरवणुकीसाठी दुकानदारांकडून वर्गणी उकळली जाई, आणि शेजारच्या मोहल्ल्याच्या हद्दीतून ताबूत नेण्यावरून डोकी फुटत. १९११ च्या मोहरममध्ये गोळीबारापर्यंत वेळ आल्यावर पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी पुढच्या वर्षी कडक नियम लावले आणि मुंबईच्या मोहरमचे जुने रूप जवळजवळ संपले. एडवर्ड्स यांनी हे आपले यश मानले. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ज्या उत्सवात मोहल्ल्याचे पुढारी आपल्याच तरुणांना वर्षातून एकदा जबाबदारीने वागवण्याची हमी घेत, तो उत्सव गेल्याने पुढाऱ्यांची ती पकडही सैल झाली.

गिरणगावातील राखणीची घडण निराळी होती आणि ती अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्या मुळाशी जॉबर, म्हणजे गिरणीत माणसे भरती करणारा व त्यांच्याकडून काम करून घेणारा मुकादम होता. नोकरी त्याच्या हाती, म्हणून कर्जाला जामीनही तोच, खोली मिळवून देणाराही पुष्कळदा तोच, आणि भांडण झाले तर पंचही तोच. त्याच्या जोडीला खानावळ होती. एकट्या पुरुषांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या बाया कोणाचा पगार कधी होतो, कोण दारूला लागला, कोण गावी पळण्याच्या बेतात आहे हे सगळे जाणून असत. वस्तीचा खराखुरा खबऱ्या पोलिसांपेक्षा या स्वयंपाकघरांतच होता असे म्हणायला हरकत नाही. तिसरी जागा तालमीची. लाल मातीच्या आखाड्यात घाम गाळणारी पोरे गणपतीची मिरवणूक सांभाळत, नाटकाला बंदोबस्त ठेवत, आणि प्रसंग पडला तर मारामारीही करत. या तिन्ही जागांच्या मधोमध ‘दादा’ उभा होता. मराठी घरात थोरल्या भावाला दादा म्हणतात आणि वस्तीतील दादागिरीला हा शब्द उगाच लागलेला नाही, कारण धाक आणि पालकत्व यांची त्यात सरमिसळ होती. वस्तीतल्या मुलीची छेड काढणाऱ्याला तो चोपून काढी, पण तोच मारवाड्याच्या दुकानातून पैसे न देता माल उचली. भाडे थकलेल्या बिऱ्हाडाला बाहेर काढण्यासाठी घरमालक त्याला बोलावी, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे बिऱ्हाड आपल्याला वाचवावे म्हणून त्याच्याच पाया पडे.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावावरील आपल्या संशोधनात दाखवून दिले आहे की, या दादांचे सामर्थ्य वस्तीच्या मान्यतेवर अवलंबून होते आणि मान्यता काढून घेतली की तेही ओसरे. घोडपदेवचे केशवराव बोरकर हे त्याचे ठळक उदाहरण होय. व्यायामशाळेच्या बळावर उभे राहिलेले त्यांचे वजन १९२०च्या दशकाअखेर गिरणी कामगार युनियनच्या विरोधात, संप मोडण्याच्या कामी वापरले गेले, आणि ज्या कामगारांचे ते ‘दादा’ होते त्यांच्यापैकीच अनेकांना ते शत्रू वाटू लागले. वस्तीची राखण आणि मालकाची राखण या दोन गोष्टी एकाच माणसाला फार काळ पेलत नाहीत. याच काळात पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार हा कामगाराच्या रोजच्या भीतीचा विषय होता. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. कामगाराच्या दृष्टीने ‘गुन्हा’ कशाला म्हणायचे, याचे हे एक विरळ सरकारी दर्शन आहे.

काही समूहांनी दादाशिवायही आपली राखण उभी केली. कोकणातील गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोल्या आणि धोबीतलाव, माझगाव परिसरातील गोवेकरांचे कूड ही त्याची उदाहरणे आहेत. कूड म्हणजे एकाच गावातील गोमंतकीय ख्रिस्ती पुरुषांनी वर्गणीतून चालवलेले सामायिक निवासस्थान; बोटीवरचे खलाशी आणि स्वयंपाकी दोन सफरींच्या मध्ये तेथे उतरत, आपली पेटी ठेवत, संध्याकाळच्या रोझरीला हजर राहत आणि नियम मोडला तर दंड भरत. दारूचे गुत्ते आणि वेश्यावस्ती हाकेच्या अंतरावर असताना हजारो एकटे पुरुष या खोल्यांमुळे मार्गाला लागून राहिले, आणि तरीही कोणत्याही गुन्हेगारी अहवालात त्याची नोंद होण्याचे कारण नव्हते, कारण न घडलेल्या गुन्ह्याचा तक्ता कोणी मांडत नाही.

फेब्रुवारी १९२९ मधील दंगलीने या साऱ्या व्यवस्थांच्या मर्यादा उघड केल्या. शिवडीच्या तेल कंपन्यांतील संप मोडण्यासाठी पठाणांना कामावर घेतल्याने वातावरण आधीच तापले होते. त्यातच बडोद्याकडे बांधल्या जाणाऱ्या पुलाच्या पायात बळी देण्यासाठी पठाण मुले पळवतात अशी अफवा पसरली आणि पठाणांवरच्या हल्ल्यांतून हिंदू-मुसलमान दंगल पेटली. चौकशीनंतर भर दिला गेला तो ‘गुंडां’चा बंदोबस्त करण्यावर. कलकत्त्यात १९२३ पासूनच गुंडा कायदा होता; मुंबईत शहर पोलीस कायद्यातील हद्दपारीचे कलम अधिक जोमाने वापरले जाऊ लागले. आज हीच तरतूद १९५१ च्या पोलीस कायद्यात कलम ५५ ते ५७ मध्ये आहे आणि लोकभाषेत तिला ‘तडीपारी’ म्हणतात. तड म्हणजे काठ, म्हणून तडीपार म्हणजे पलीकडच्या काठावर घातलेला. खटला चालवून गुन्हा सिद्ध न करता माणसाला हद्दीबाहेर घालवणारी ही तरतूद वस्तीला तात्पुरती शांतता देते हे खरे, पण घालवलेला माणूस ठाण्याला किंवा कल्याणला जाऊन तेथल्या वस्तीच्या वाट्याला येतो हेही तितकेच खरे आहे.

धारावीची बदनामी बऱ्याच अंशी एका कायद्याने घडवली. खाडीकाठचे कोळीवाडे, तिरुनेलवेलीकडून आलेले कातडी कमावणारे कामगार आणि गुजरातेतून आलेले कुंभार यांची ही वस्ती गरीब आणि दलदलीची होती, पण तिचे नाव दारूशी आणि टोळ्यांशी जोडले गेले ते १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर. शहराला दारू हवी होती आणि ती गाळायला खाडीची झुडपे सोयीची होती, म्हणून भट्ट्या धारावी-अँटॉप हिलकडे गेल्या. गिऱ्हाईक मात्र सगळ्या शहरातून येई. दारूबंदीचे गुन्हे धारावीच्या खात्यावर लिहिले गेले, आणि पिणाऱ्यांच्या वस्त्या सभ्यच राहिल्या. हप्ता या शब्दाला ‘आठवड्याने पोचवायची लाच’ हा अर्थ पक्का चिकटण्याचाही हाच काळ. वरदराजन मुदलियारसारख्या दारूच्या तस्करांचे साम्राज्य या बंदीवर उभे राहिले. भट्टीवर काम करणाऱ्या बायका आणि डबे वाहणारी पोरे यांची नावे कोणत्याही चित्रपटात आली नाहीत, धाडीत पकडली गेली ती बहुधा तीच.

गिरणगावावर आघात झाला तो १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांच्यापैकी फार मोठ्या संख्येला पुन्हा कधीच आत जाता आले नाही. जॉबर तर पूर्वीच दुबळा झाला होता. आता खानावळीची उधारी बुडाली, तालमी ओस पडल्या, आणि बापाची पाळी संपली की मुलाला लागणारी नोकरीही संपली. भायखळ्याच्या दगडी चाळीचे नाव टोळीचा अड्डा म्हणून याच दशकात सर्वतोमुखी झाले. पोरांच्या हाती पिस्तुले आली ती गिरणगावच्या ‘रांगड्या’ स्वभावातून आली असे लिहिणाऱ्यांनी सत्तर वर्षे याच पोरांचे आजे-बाप पहाटेच्या भोंग्याला रांगेत उभे राहत होते हे विसरू नये. तीन पाळ्यांच्या काळात हे रस्ते रात्रभर जागे असत: चहाची दुकाने, विड्यांच्या टपऱ्या, सुटलेल्या पाळीची वर्दळ. गिरण्या बंद पडल्यावर त्याच भागात उंच भिंतींआड ओसाड, अंधारी आवारे तयार झाली. २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलच्या पडक्या आवारात एका तरुण छायापत्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला, आणि काहीच दिवस आधी त्याच आवारात तसाच अत्याचार घडला होता हे नंतर उघड झाले. गुन्हा करणाऱ्यांचा दोष यत्किंचितही कमी होत नाही. परंतु शहराच्या मध्यभागी असे निर्मनुष्य आवार वर्षानुवर्षे पडून राहू देण्याची जबाबदारीही कोणाची तरी आहेच.

मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसे मारली गेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्याच वेळी १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी होरपळलेली भिवंडी शांत राहिली. तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी, यंत्रमाग कामगार, दुकानदार आणि पोलीस ठाण्यातले शिपाई महिन्यामहिन्याला एकत्र बसत, त्यामुळे अफवा पसरली की ती खरी का हे विचारायला माणूस ओळखीचा असे. दंगलीनंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघा रहिवाशांनी ते वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून आणि वेळातून चालवले. १९२९ मध्ये सरकारने गुंड वेचून बाहेर घालवण्यावर भर दिला होता, या समित्यांनी गुंड नसलेल्यांना एकत्र आणण्यावर दिला. या लेखात आलेल्या साऱ्या उपायांत हाच सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत अधिक चिकाटीचा होता.

२००४ नंतर आयुक्त अनामी रॉय आणि झोपडपट्टी संघटक जोकिन अर्पुथम यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पोलीस पंचायती आणल्या. पंचायतीत सात स्त्रिया, तीन पुरुष आणि ठाण्याचा एक पोलीस अशी रचना ठरली. तिच्यासमोर येणाऱ्या तक्रारी वृत्तपत्रांना बातमीच्या योग्यतेच्या वाटत नाहीत: नवऱ्याची मारहाण, नळावरची भांडणे, न फेडलेले उसने पैसे, दारू पिऊन गल्लीत घातलेला गोंधळ. खून किंवा बलात्कारासारखा गंभीर गुन्हा असेल तर तो ठाण्यातच जावा लागतो. बाकीच्या तक्रारींचा निकाल वस्तीतच, बहुधा त्याच गल्लीतल्या एखाद्या खोलीत, दुपारची कामे आटोपून आलेल्या बायकांसमोर लागतो, आणि चौकीची पायरी कधी न चढलेली सून तेथे चार शब्द मोठ्याने बोलू शकते, कारण समोर बसलेल्या सातजणींपैकी निदान एक तरी तिच्या रोजच्या पाण्याच्या रांगेतली असते.