कट्टा आणि दप्तर

१९७३ सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकयंत्रणा चालू होती. मुळात ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनवलेली. एक मोठा संगणक, त्याला जोडलेली बरीच टर्मिनल्स आणि त्यांचे नारिंगी अक्षरांचे प्लाझ्मा पडदे. इतकी माणसं एकच यंत्र वापरायची म्हटल्यावर रोज काहीतरी बिघडणारच. बिघाड कळवायला एक सामायिक फाइल होती. तिच्यात कोणीही लिहू शकायचं आणि कोणीही काहीही खोडू शकायचं. त्यामुळे कोण काय बोललं, हे खात्रीने सांगता येत नसे.

यावर उपाय शोधायचं काम डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या पोराकडे आलं. ऑगस्टमध्ये त्याने 'नोट्स' हा प्रोग्राम तयार केला. प्रत्येक टिपणावर तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याची ओळख आपोआप पडायची. खाली उत्तरं लिहिता यायची, एका टिपणाला जास्तीत जास्त ६३. आपण ज्याला थ्रेड म्हणतो, तो जवळजवळ हाच.

त्याच वर्षी काही महिन्यांनी, तिथेच, डग ब्राउनने 'टॉकोमॅटिक' बनवलं. एका चॅनलमध्ये पाच जण, पडद्यावर प्रत्येकाला स्वतःची पट्टी, आणि टाइप होईल तसं अक्षर न अक्षर सगळ्यांना दिसणार. लिहून खोडलेलंसुद्धा! ('टायपिंग…' बघत बसण्यापेक्षा हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.) गप्पा संपल्या की पडदा कोरा.

म्हणजे एकाच वर्षात, एकाच यंत्रावर, दोन वेगळ्या गरजांसाठी दोन वेगळी साधनं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कट्टा आणि एक दप्तर. कट्ट्यावर जो हजर आहे त्याच्याशी बोलायचं, आणि उठून गेलो की विषय संपला. दप्तरात जो हजर नाही त्याच्यासाठी लिहायचं, उद्या येणाऱ्यासाठी, कदाचित दहा वर्षांनी येणाऱ्यासाठी. पुण्यातलं पेशवे दप्तर असंच गावोगावच्या कारकुनांनी लिहिलेल्या कोट्यवधी कागदांचं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण इतिहासासाठी लिहितोय याची कल्पनाही नसणार.

ऑफिसात आज जो गोंधळ चालतो, तो बराचसा ही दोन कामं एकाच खिडकीत कोंबल्यामुळे आहे, असं माझं मत. पण साधन नीट असलं की काम नीट होतं, असंही नाही. याचा पहिला मोठा धडा 'नोट्स'च्याच वारसाने दिला.

प्लेटोवर काम केलेल्या विद्यार्थ्यांत रे ओझी होता. पुढे त्याने १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये 'लोटस नोट्स' बाजारात आलं. कल्पना जुनीच, पण आता ऑफिससाठी. सगळ्यांनी आपलं ज्ञान सामायिक डेटाबेसमध्ये लिहायचं, म्हणजे एका शहरातल्या टीमने सोडवलेला प्रश्न दुसऱ्या शहरातल्या टीमला पुन्हा सोडवायला लागणार नाही. मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी प्रती घेतल्या.

एमआयटीतल्या संशोधक वांडा ऑर्लिकोव्स्की अशाच एका मोठ्या सल्लागार कंपनीत जाऊन बसल्या. शोधनिबंधात त्यांनी कंपनीचं खरं नाव झाकून 'अल्फा' असं ठेवलंय. निबंध १९९२ चा आहे, पण वाचताना वाटतं की लेखिका आपल्याच फ्लोअरवर फिरून गेल्यात.

घोडं पेंड कुठे खात होतं? एक म्हणजे लोकांना हे नक्की काय आहे तेच कळलं नव्हतं. सॉफ्टवेअर मशिनवर आलं, पण ते कशासाठी, हे नीट कोणी सांगितलं नाही. मग जे आधी माहीत होतं त्याच्याच साच्यात लोकांनी ते बसवलं: कोणासाठी ते ईमेल, कोणासाठी आणखी एक प्रोग्राम. दुसरी गोष्ट टाइमशीटची. सल्लागाराचा तास न् तास कुठल्या तरी क्लायंटच्या खात्यावर लागायचा. नोट्स शिकायला लागणारे तास कोणाच्या खात्यावर टाकायचे? तसं खातंच नव्हतं. मग शिकायचं तर स्वतःच्या वेळात, किंवा नाहीच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात खरी वाटते. त्या कंपनीत वर चढायचं, नाहीतर बाहेर पडायचं, असा शिरस्ता होता. शेजारी बसणारा सहकारी बढतीच्या रांगेतला स्पर्धक. अशा ठिकाणी माणसाची किंमत त्याला जे माहीत असतं त्यावर ठरते. ते सगळ्यांना दिसेल अशा जागी फुकट का लिहून ठेवायचं? नोट्सचा मोकळेपणाने वापर केला तो मुख्यतः दोन गटांनी. तांत्रिक विभागातल्या लोकांनी आणि भागीदारांनी. पहिल्या गटाला क्लायंटच्या तासांचा काच नव्हता, आणि भागीदार तर शिडीच्या टोकाला पोचलेलेच होते.

एकूण काय, वाटून घेणं परवडणाऱ्यांनीच वाटून घेतलं. यात कोडचा काही दोष नव्हता. आम्ही इंजिनिअर लोक ही गोष्ट विसरायला फार उत्सुक असतो.

मधल्या काळात ईमेलने सगळं गिळलं. त्यावर फार लिहीत नाही, सीसीमध्ये साहेबाला ठेवायची कला तुम्हाला येतच असेल.

मग आला स्लॅक, तोही चुकून. स्ट्युअर्ट बटरफिल्ड या गृहस्थाने दोनदा ऑनलाइन गेम बनवायला घेतला आणि दोन्ही वेळा हातात भलतंच आलं. पहिल्यांदा फ्लिकर. दुसऱ्यांदा 'ग्लिच' नावाचा गेम, जो २०११ मध्ये सुरू होऊन २०१२ च्या डिसेंबरात बंद पडला. ग्लिचची टीम वेगवेगळ्या शहरांत बसलेली. बोलायला ते आयआरसी वापरायचे, म्हणजे फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये लिहिलेली चॅटपद्धत. आयआरसी म्हणजे शुद्ध कट्टा. तुम्ही नव्हतात, तर तुमचं हुकलं. म्हणून त्यांनी संदेश साठवायची सोय जोडली, मग शोधायची. कट्ट्याखाली दप्तराचं तळघर खणलं म्हणा. गेम बुडाला आणि तळघरासकट कट्टा विकायला निघाला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याआधी, जुलै २०१३ मध्ये बटरफिल्डने आपल्या टीमला एक लांबलचक टिपण लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा: आपण खोगीर विकत नाही, घोडेस्वारी विकतोय. लोकांची कामाची पद्धत बदलली तरच हे विकलं जाईल. अल्फाचा धडा त्याला कळला होता असं म्हणता येईल. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने हीच कंपनी २७.७ अब्ज डॉलरना विकत घेतली.

तळघराची किल्ली मात्र विकणाऱ्याकडेच राहते. फुकट वापरणाऱ्यांना आधी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे, सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांपुरते. किती लहान संस्था आणि हौशी गट आपलं दप्तर समजून त्यात लिहीत बसले होते!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा सगळा इतिहास वळसा घालून गेला. बहुतेक ऑफिसांत कोणी काही निवडलंच नाही. हातात फोन होता, फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप होतं, साहेबांनी ग्रुप काढला. मावशीचे सुप्रभात आणि सर्व्हर बंद पडल्याची बातमी एकाखाली एक. याची मूळ रचना पूर्ण कट्ट्याची आहे. ओळख म्हणजे तुमचा खासगी नंबर, नव्या माणसाला आधीचं दिसत नाही, आणि नोकरी सोडणारा सगळा पत्रव्यवहार खिशात घालून घरी जातो. माझ्या पहिल्या नोकरीत एका मोड्यूलचं असं का केलंय, याचं उत्तर फक्त एका माणसाच्या जुन्या फोनमध्ये होतं. तो तेव्हा कॅनडात होता.

नोव्हेंबर २०१४ मध्ये निळी टिक आल्यावर तर 'पाहिलं नाही' म्हणायची सोयही गेली. ती बंद करता येते, पण टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने ती बंद केली की लोक काय म्हणतात, तेही माहीत असेलच.

मोठ्यांनाही हा कट्टा महागात पडलाय. अमेरिकेत दलालीपेढ्यांनी कामकाजाचा पत्रव्यवहार जपून ठेवावा असा नियम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या बाजार नियामकाने सोळा वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड लावला, कारण त्यांची माणसं, अगदी वरिष्ठसुद्धा, स्वतःच्या फोनवरून धंद्याचं बोलत होती आणि त्याची नोंद कुठेच नव्हती. फ्रान्सने वेळेचा प्रश्न धरला. कामाचे तास संपल्यावर संपर्कापासून तुटण्याचा हक्क तिथे जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. त्याच धर्तीवर २०१८ च्या डिसेंबरात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. ते कायदा झालं नाही.

आमच्या आत्ताच्या टीममध्ये एक साधी पद्धत पडली आहे. चॅटवर कितीही वाद घाला, पण निर्णय झाला की कोणीतरी एकाने तो चार ओळींत विकीवर लिहायचा: काय ठरलं, का ठरलं, कोणाचा विरोध होता. लिहायला दहा मिनिटं लागतात. टाइमशीटमध्ये त्यासाठी अजून कोड नाही, आम्ही ती 'इतर' मध्ये टाकतो.